३५० चा रिबिल्ट शॉर्ट ब्लॉक, आठ महिन्यांनंतर: तीन '०१०' आणि एक खोटं लेबल

विकत घेतलेल्या रिबिल्ट शॉर्ट ब्लॉकचा (हेड नसलेलं, पिस्टन-क्रँकशाफ्टसकट नव्याने जुळवलेलं इंजिन) हा रिव्ह्यू. शेवरोलेचा स्मॉल ब्लॉक ३५०, मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं असलेला जुना प्रकार. सात महिने तक्रारीला जागा नव्हती. आठव्या महिन्यात इंजिन तापलं की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायला लागला, म्हणून चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवलं.

लेबलवर '१०/१०', म्हणजे क्रँकशाफ्टचे मेन (ब्लॉकमध्ये फिरणारे) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड बसणारे) दोन्ही जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, दहा थाऊ (इंचाचे हजारांश) घासलेले. त्या भरवशावर दोन्ही बेअरिंग सेट मागवले. जुने शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढून पाठ पाहिली तर मेनवर ०१०, म्हणजे दहा थाऊ, बिग एंडवर ०२०! मायक्रोमीटर शेलच्याच बाजूने: बिग एंड जर्नल २.०८० इंचाच्या आसपास. दहाचा सेट तसाच बसवला असता तर फट दहा थाऊंनी वाढली असती. पाकीट फोडलं म्हणून दुकानदार सेट परत घेईना. एका चुकीच्या आकड्याचा भुर्दंड, आणि राग त्याचाच आहे.

आता '०१०' चा घोळ. बेलहाउसिंगच्या फ्लँजवरचा कास्टिंग नंबर ३९७००१०, शेवटी ०१०. टायमिंग कव्हर काढलं की ब्लॉकच्या तोंडावर ओतीव ०१०. तिसरा शेलच्या पाठीवर. साइझ सांगतो तो फक्त तिसरा. लेबल लिहिणाऱ्याने यातला कुठला पाहिला, देव जाणे. ३९७००१० वर तर इंजिनही ठरत नाही: ३०२, ३२७ आणि ३५० तिन्ही याच नंबरात आले, तिघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच. फरक क्रँकचा, स्ट्रोक (पिस्टनची धाव) अनुक्रमे ३, ३.२५ आणि ३.४८ इंच. म्हणून क्रँकचा नंबर वाचायचा. इथे ३९३२४४२ निघाला, म्हणजे ३५० चाच ओतीव क्रँक. त्याची साच्याच्या सांध्याची रेघ बारीक असते, फोर्ज्डची (घडीव क्रँकची) रुंद. मेन कॅप (मेन बेअरिंग खालून धरणारं झाकण) दोन बोल्टची की चार, तेही कास्टिंग नंबर सांगत नाही, चेंबर उतरवूनच कळतं. इंजिन कुठलं ते सांगणारे, उजव्या हेडपुढच्या पॅडवरचे ठोकलेले आकडे डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) मशीन करताना उडालेत, तो पुरावाही गेला.

इथवर एक तारा देणार होतो. पण हेड काढल्यावर मत बदललं. पिस्टनच्या माथ्यावर ०३० (तीस थाऊ मोठा), बोअर गेजवर ४.०३०, दिशा दाखवणारी खाच सगळ्यांची पुढे, रॉड आणि कॅपचे नंबर जुळणारे. मशीनकाम करणाऱ्याचा हात चांगला आहे, लिहिणाऱ्याचा नाही.

प्रेशर पडण्याचं कारण वेगळंच निघालं. शेलवर गोल ओरखडे, त्यात रुतलेला लोखंडी कीस. टायमिंग कव्हरमागचे ऑइल गॅलऱ्यांचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) तीन प्लग न काढताच ब्लॉक धुतलेला असावा. प्लग काढून गॅलऱ्यांत लांब ब्रश फिरवला, तेव्हा कीस निघाला. जर्नल पॉलिश केले, शेल मेनला ०१० आणि बिग एंडला ०२०. प्लास्टिगेजने (चिरडून फट मोजायचा प्लास्टिकचा मऊ धागा) फट दोन ते अडीच थाऊ, रॉडचे नट ४५ फूट-पाउंड. प्लास्टिगेज चिरडताना क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर मोजमाप खोटं येतं.

आता गरम इंजिनलाही काटा जागेवर आहे. तीन तारे, त्यातले अडीच पिस्टन-बोअरचे.