जर्मनी की कॅनडा? नवरा-बायको दोघांनी बसून वाचावं असं

पुण्यातून जाऊन स्थायिक व्हायचं तर या दोहोंपैकी कुठे, ते इथे पाहू. पगाराचे आकडे तुम्ही एव्हाना काढलेच असतील, म्हणून ते इथे नाहीत.

मूळ फरक असा, की कॅनडा आधी कागद, म्हणजे राहायचा परवाना, देतो, नोकरी नंतर तुम्ही शोधायची. जर्मनीत बहुतेकांना आधी नोकरी लागते आणि कागद मागून येतो. कॅनडाची एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे गुण मोजून कायम रहिवासी निवडायची पद्धत, २०१५पासून चालू आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण, एकूण १२००. तिशी उलटली की वयाचे गुण दरवर्षी घटतात. नोकरीची ऑफर असली की मिळणारे जादा गुण मार्च २०२५मध्ये काढून टाकले. कायम रहिवाशांचं लक्ष्यही खाली आणलंय: २०२५ साठी ३,९५,०००, २०२६ साठी ३,८०,०००. फ्रेंच येत असेल तर मात्र तुमची रांग वेगळी आणि बरीच सोपी.

नंबर लागला की नवरा-बायको दोघंही पहिल्या दिवसापासून कायम रहिवासी. पण तिथे उतरल्यावर 'कॅनडातला अनुभव आहे का' हा प्रश्न ठरलेला. सिव्हिल इंजिनिअर, डॉक्टर, नर्स यांना परवान्यासाठी पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात. कित्येकांची पहिली दोन वर्षं गोदामात नाहीतर टॅक्सीवर जातात, आणि पुण्यात घरी ते सांगत नाहीत.

जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गेलात तर काम ठरलेलं असतं. बी-१ (मधल्या पातळी) पर्यंत जर्मन आली तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, नुसती ए-१ (अगदी पहिली पातळी) असेल तर २७. नोकरी हातात नसताना शोधायला जायचं तर जून २०२४पासून चान्सेनकार्ट आहे. त्यातही बहुतेकांचे गुण मोजतात, आणि तिथल्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात.

भाषेचा खरा भार पडतो तो जोडीदारावर. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करायची मुभा आहे, व्हिसासाठी जर्मनही लागत नाही. पण तिकडे पोचल्यावर शाळेची पत्रं, घरमालकाच्या नोटिसा, दवाखान्याची वेळ, सगळं जर्मनमध्ये. इथे शिक्षिका किंवा वकील असलेली बाई तिथे वर्षभर क्लासला जाते आणि संध्याकाळी गप्प बसते. हे मी जवळून पाहिलंय. म्हणून माझं मत असं: जर्मनीला जायचं तर दोघांनीही पुण्यातच क्लास लावा, एकट्याने नाही.

रोजचं जगणं? टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागात पोळ्यांची कणीक, कढीपत्ता, गणपतीची मूर्ती सगळं मिळतं. इतकं, की कॅनडात आलोय की पंजाबात असा प्रश्न पडावा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर मिक्सर लावला तर शेजारी चिठ्ठी चिकटवतो. घर मिळवणं तिथे नोकरी मिळवण्याहून कठीण, त्यातून भाड्याच्या घरात कधीकधी स्वयंपाकघराचा ओटाही नसतो! आरोग्यविमा मात्र चोख आहे: अर्धा हप्ता कंपनी भरते, न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यातच येतात. कॅनडात उपचार सरकारी खर्चाने, पण कायमचा फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवा.

आता आई-वडील. कॅनडाच्या सुपर व्हिसावर ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. खासगी विमा आणि तुमचं ठरावीक उत्पन्न लागतं. जर्मनीनेही १ मार्च २०२४नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी हे दार उघडलंय, पण म्हाताऱ्या माणसांचा आरोग्यविमा काढताना बहुतेकांचं घोडं अडतं. उलट फोनचं गणित जर्मनीकडे झुकतं. उन्हाळ्यात स्टुटगार्टला सहाला सुटलात की पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात, आई जागी असते. टोरांटोत सहा वाजता पुण्यात पहाटेचे साडेतीन. तिथे फोन सकाळी, डबा भरता भरता.

नागरिकत्व कॅनडात पाच वर्षांपैकी १,०९५ दिवस राहून मागता येतं, जर्मनीत सहसा पाच वर्षांनी. दोन्ही देश जुना पासपोर्ट सोडायला लावत नाहीत. भारत लावतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) घ्यायचं. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमीन घ्यायचा विचार असेल तर तो व्यवहार देश सोडायच्या आधीच उरका.