32 फुटी सांगून 26 फुटी होडी गळ्यात मारली: फायबरची जुनी होडी घेणाऱ्यांनी वाचावं

रक्कम आधी सांगतो. बयाणा 50,000, बँकेतून 4,10,000 आणि रोख 2,25,000, असे एकूण 6,85,000 रुपये. त्यानंतर शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा), ग्लँड (शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणारा भाग) आणि बेअरिंगचे 18,400 आणि फायबरच्या कामाचे 27,500. तिघांच्या भागीदारीतले 7,30,900 रुपये अशा होडीत गेले, जी धड 26 फुटी राहिलेली नाही आणि 32 फुटी कधीच नव्हती.

धंदा कसा चालतो ते कोकणात कुणाला सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. पाण्यात घालून बघायची सोय सहसा नसते आणि 1 ऑगस्टला धंद्याला लागायची घाई असते. होड्या विकणारे दलाल याच दिवसांत जास्त फिरतात. आम्हाला सांगितलं ते असं: 32 फूट, पाच वर्षं जुनी, आतलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, तीन टन माल आरामात. प्रत्यक्षात 26 फूट 2 इंचाची होडी मधोमध कापून, 4 फूट 7 इंचाचा तुकडा घालून 30 फूट 9 इंच केलेली होती. वरचे सव्वा फूट त्यांनी टेपने निर्माण केले.

टेप असा धरला होता: नाळेच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकापासून कडेच्या गोलाईवरून मागच्या कोपऱ्यापर्यंत. गोलाईवरून मोजलं की फूटभर सहज वाढतो. लांबी मोजायची ती सरळ रेषेत. नाळेवरून एक ओळंबा सोडा, मागच्या फळीवरून दुसरा, आणि जमिनीवरच्या त्या दोन खुणांमधलं अंतर घ्या. रुंदी मोजताना बाहेरची लाकडी पट्टी आणि टायर सोडून फायबर ते फायबर मोजा. टेप स्वतःचा न्या आणि त्याचं दुसरं टोक विकणाऱ्याच्या हातात देऊ नका.

पण खरी फसवणूक फुटांची नाही, रुंदीची आहे, आणि हे नीट समजून घ्या, कारण नवी होडी घेणारेसुद्धा इथेच चुकीचं माप निवडतात. होडीचा तोल लांबीवर फारसा अवलंबून नसतो. तो रुंदीच्या घनावर जातो. आमच्या होडीची रुंदी साडेसहा फूट. तीच आठ फूट असती तर आडव्या डोलण्याला तिचा विरोध सुमारे 86 टक्क्यांनी वाढला असता. लांबीत साडेचार फूट घातले तर लांबीच्या प्रमाणात तो 17-18 टक्के धरता येतो, आणि त्या वाढलेल्या लांबीत जास्तीचं जाळं आणि बर्फ भरला की तेवढाही उरत नाही. छोट्या उघड्या फायबर होडीला लांबी भागिले रुंदी साडेतीन ते चार असावी. साडेचारच्या पुढे गेली की विचारायचं, का? आमची 4.7 आहे. विचारलं होतं. उत्तर मिळालं, "निमुळती होडी धावते, तेल कमी पिते." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच पटलं. अरुंद होडीला तेल कमी लागतंच. पण ती जाळी ओढायची होडी नव्हे. चार खलाशी एका कडेला उभे राहून भरलेली वावर (जाळं) ओढू लागले की ती कड पाण्याकडे झुकते आणि झुकलेलीच राहते.

वजनाचा हिशेब कागदावर करा, तोंडी नको. 600 किलो मासे. त्याला आपल्या उष्ण हवेत तेवढाच बर्फ लागतो, म्हणजे 600 किलो. भिजलेली जाळी, दोर आणि नांगर मिळून 500. डिझेल 150 लिटर म्हणजे सुमारे 125 किलो. पाणी 100. सहा माणसं 450. बेरीज 2,375 किलो. आता ही होडी किती बसेल? पाण्यावरची लांबी मीटरमध्ये, गुणिले पाण्यावरची रुंदी मीटरमध्ये, गुणिले 0.7, गुणिले 10.25. उत्तर येतं ते एक सेंटिमीटर खाली बसायला लागणारे किलो. आमचं 8.5 × 1.8 × 0.7 × 10.25, म्हणजे सुमारे 110 किलो. 2,375 ला 110 ने भागा, साडेएकवीस सेंटिमीटर. रिकाम्या होडीची मधली कड पाण्यापासून 48 सेंटिमीटर वर होती. भरल्यावर उरतात 26, म्हणजे दहा इंच. वाऱ्याच्या लाटेत दहा इंच कड घेऊन कुणी समुद्रात जाऊ नये. आणि दलाल तीन टन म्हणत होता.

आता तो क्षण. ताडपत्री उचलली तेव्हा आत स्टायरीनचा वास होता. ताज्या रेझिनचा, डोळ्यांना झोंबणारा. पाच वर्षं जुन्या होडीत, तोही बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी सगळ्यात जास्त. तिथली प्लायची जमीन नवी कोरी, पुढची आणि मागची जुनी. बाहेरून तिरप्या उन्हात बघितलं तर मधोमध दोन्ही अंगांना एकेक पट्टा दिसत होता, जिथे रंगाची चमक मोडत होती. वास, नवी जमीन, पट्टा. तिन्ही गोष्टी एकाच जागी. तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. पण बंदीच्या काळात अख्ख्या किनाऱ्यावर रेझिनचाच वास असतो, प्रत्येक होडीवर काही ना काही काम चाललेलंच असतं. "तळाला डागडुजी करून दिलीय, तुम्हाला त्रास नको" हे वाक्य त्या दिवसांत कुणालाही खरं वाटेल. आम्ही अडाणी नव्हतो. दरवर्षी फायबरला हात लावणारी माणसं आहोत. जो वास रोज येतो तोच पुरावा असू शकतो, हे डोक्यात येत नाही, आणि ही माणसं नेमकी त्याच्यावर पोट भरतात.

होडी लांब करणं हा गुन्हा नाही, ते नीट करता येतं. नीट म्हणजे असं: जोडाच्या दोन्ही बाजू 1 ला 12 या उताराने घासायच्या. 8 मिलिमीटर जाडीच्या फायबरला प्रत्येक बाजूने जवळपास 10 सेंटिमीटर उतार येतो. जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, पूर्ण काढायचा, कारण वाळलेल्या फायबरवर नवं रेझिन नुसतं चिकटून बसतं, एकजीव होत नाही. मग मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांचा थर) आणि काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड आलटून पालटून, आतून आणि बाहेरून. तळाच्या लांब पट्ट्या वेगवेगळ्या जागी जोडायच्या, सगळे जोड एका रेषेत कधीच नाहीत. आमच्या होडीत ग्राइंडर लावून उघडलं तेव्हा काय दिसलं? कापलेल्या कडा समोरासमोर टेकवलेल्या. फट पुट्टीने भरलेली. वरून 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर, तेही थेट जेलकोटवर. तळाच्या दोन्ही प्लायच्या पट्ट्या त्याच रेषेत तोडून टेकवलेल्या. आणि बर्फाचा कप्पा, म्हणजे होडीतलं सगळ्यात मोठं वजन, बरोबर त्या रेषेवर.

पुढे जे व्हायचं तेच झालं. लाट नाळेला आणि मागच्या बाजूला एकाच वेळी उचलते तेव्हा मधलं वजन खाली ओढतं आणि जोड उघडतो. आधी आतून केसाएवढी चीर, मग कप्प्याच्या तळाला पाणी. आपल्याला वाटतं बर्फच वितळतोय. होडी वाकते म्हणून शाफ्टची रेषा सुटते, ग्लँड गळायला लागतो, बेअरिंग जातं, आणि आपण इंजिनवाल्याला शिव्या घालत बसतो. शाफ्ट परत परत रेषेबाहेर जात असेल तर दोष इंजिनचा नाही, होडीचा आहे. कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) दोन थाळ्यांमधली फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, चारही बाजूंना मोजा आणि 0.1 मिलिमीटरच्या वर फरक ठेवू नका. हे माप होडी पाण्यात असताना घ्यायचं, किनाऱ्यावर ओंडक्यांवर नव्हे. रिकाम्या होडीत घ्या, मग भरून घ्या. दोन मापं वेगळी आली तर होडी वाकतेय, तिथेच सौदा संपला.

कागदांचा प्रकार तर चीड आणणारा आहे. नोंदणीच्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या, त्यात मापांचं पान नव्हतं. मागितल्यावर मोबाइलवर फोटो आला, आकडे वाचता येणार नाहीत असा. "मूळ पुस्तक कार्यालयात जमा आहे, नावावर करताना मिळेलच." करारात काय लिहिलं? "अंदाजे 32 फूट, जशी आहे तशी." या शब्दांना पुढे प्रत्येक जण चिकटला.

आधी परवान्याच्या कार्यालयाचं ऐका. नोंदीत 26 फूट 2 इंच, समोर 30 फूट 9 इंच, म्हणून होडी नावावर होणार नाही. फेरफार आधी नोंदवा. नोंदवायला बांधणाऱ्याचा दाखला आणा. बांधणारा म्हणतो मी 26 फुटी बांधली, पुढचं मला माहीत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. मूळ मालकाची सही आणा. मूळ मालक म्हणतो मी 26 फुटीच विकली, दलालाला विचारा. दलालाचं नाव नोंदीत कुठेच नाही. मग कार्यालयाने त्याच्यावर काही करावं? "आमच्या अधिकारात येत नाही." होडी नावावर नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून डिझेलवरचा परतावा नाही, मापं जुळत नाहीत म्हणून विमा नाही. कापलेली होडी त्याच किनाऱ्यावर लांब झाली, तिथेच रंगली, तिथेच विकली गेली. तपासणीला येणाऱ्यांना साडेचार फुटांचा फरक कधी दिसला नाही, पण आमचा अर्ज आला त्या दिवशी बरोबर दिसला. पोलीस ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे, वकील बघा." रोख रकमेची पावती नाही हे ऐकल्यावर तर लिहून घ्यायलाच तयार नाहीत. मच्छीमार संस्थेत गेलो तर "आपसात मिटवा, धक्क्याचं नाव खराब होतं." नाव कुणी खराब केलं?

"दिवाणी बाब" ऐकून परत फिरू नका. फसवून पैसे द्यायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खालचा दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. विकणारा होड्यांचा धंदाच करत असेल तर ग्राहक आयोगही आहे. तिथे "धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही" असं उत्तर पुढे येईल. स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, हे अर्जातच लिहा. मुदत दोन वर्षं. मापात न बसणारी होडी, जोड उघडलेला फोटो, टेप लावलेला फोटो, सगळं तारखेसह ठेवा, आणि उघडण्याआधी पंचासमोर मोजून घ्या. दुरुस्तीच्या घाईत जोड बुजवलात तर पुरावाही बुजला.

रोखीने एक रुपया देऊ नका. "व्यवहारात थोडं रोख लागतंच" म्हणणाऱ्याला माहीत असतं की नेमके तेवढेच पैसे परत मिळत नाहीत.

पाण्यात घालून न बघितलेली होडी घेऊ नका. बंदी असली तरी खाडीच्या शांत पाण्यात तरंगवून बघायला बंदी आड येत नाही. 200 लिटरची पाच पिंपं पाण्याने भरून ठेवली की एक टन झाला. रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत कडेवर खूण करा आणि वरच्या सूत्राशी ताडून बघा. मग कडेवर उभं राहून होडी हलवा आणि सोडा, एका बाजूकडून निघून परत त्याच बाजूला यायला किती वेळ लागतो ते चार-पाच फेऱ्यांचं मोजून भागा. 0.8 गुणिले रुंदी मीटरमध्ये, भागिले सेकंद, आणि त्याचा वर्ग. हा तोलाचा आकडा, मीटरमध्ये; जितका मोठा तितकी होडी लवकर सरळ होते. दोन मीटर रुंदीची होडी दोन सेकंदांत परत आली तर 0.64. तीन सेकंद लागले तर 0.28. डेकच्या मासेमारी नौकांना आंतरराष्ट्रीय निकष किमान 0.35 चा आहे. संथ डोलणारी होडी अंगाला बरी वाटते, पण तीच उलटते.

आणि मोठीच हवी, हा हट्ट कुणी डोक्यात घातला ते बघा. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं, बाहेरच्या इंजिनावर, तर 22 ते 26 फूट आणि सात फूट रुंदी पुरते. रोज वाळूवर ओढायची असेल तर 26 च्या पुढे जाऊ नका, ओढायला माणसं मिळत नाहीत. खाडीच्या तोंडावर वाळू साचत असेल तर भरलेल्या होडीचा बुड (पाण्याखाली जाणारी खोली) अधिक दीड फूट एवढं पाणी ओहोटीला मिळतं का ते बघा, नाहीतर मासे बर्फात आणि तुम्ही भरतीची वाट बघत. बाहेर मुक्काम करायचा तरच 32 फूट, आणि ती 32 फुटी साच्यातूनच निघालेली, आठ फुटांच्या वर रुंदीची, डेकची.

अशा वाढवलेल्या आणखी होड्या विक्रीला आहेत. ओळखायच्या खुणा: मधला भाग दोन्ही अंगांना एकदम समांतर, तीन-चार फूट गोलाई नाहीच. कडेवरची लाकडी पट्टी मध्येच नवी. लहान हातोडीने मागून पुढे टकटक करत गेलं की मधल्या पट्ट्यात आवाज बद्द होतो. आतली जमीन उचलू देत नाहीत. नोंदणी पुस्तकातलं मापांचं पान दाखवत नाहीत.