पोराचा घसा धरलाय: घरी थांबायचं की डॉक्टरकडं जायचं?

पाऊस लागला की आमच्या बेळगावात घराघरात हेच, पोर शाळेतनं येतंय, दप्तर टाकतंय आणि "घसा दुखायलाय" म्हणून आडवं होतंय. सासूबाई म्हणतात हळदीचं दूध दे, नवरा म्हणतो मेडिकलवरनं काहीतरी आण की. मी दोन्ही करून बघितलंय.

पहिला खोकला आणि शेंबूड बघायचा. दोन्ही आहेत, ताप बारीक आहे, पोर मधेच खेळतंय, तर बहुतेक व्हायरल, 5-7 दिवसात आपोआप जातंय. उलट खोकला अजिबात नाही, ताप एकदम 101 च्या वर, गळ्याला पुढनं गाठी हाताला लागतात आणि दाबलं की दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आणि वय 5 ते 15, तर घरी थांबू नका. तो स्ट्रेप, म्हणजे बॅक्टेरियानं धरलेला घसा, असू शकतो, तसाच सोडला तर काही पोरांना पुढं रुमॅटिक ताप येऊन हार्टच्या झडपा खराब होतात. नुसतं बघून डॉक्टरलाही पक्कं सांगता येत नाही, म्हणून घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीनं तपासणीला घेतलेला नमुना) घ्या म्हटले तर वैतागू नका.

घरी थांबलात तर मध की गुळण्या? लहान पोराला मधच, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा पण नाही. गुळण्या साधारण 6 वर्षांनंतर, त्याआधी पाणी गिळूनच टाकतात. पेज, मऊ भात, गार दूधसुद्धा चालतंय, गारानं वाढतंय हे आपल्याकडचं उगीचच. दुखणं जास्त असलं तर पॅरासिटामॉल, वजनावर, 15 किलोला एका वेळी 150 ते 225 मिलिग्रॅम, पण बाटली बघा हां, 5 मिलीत कुठं 125 असतंय कुठं 250. ॲस्पिरिन नकोच.

मेडिकलवरनं स्वतःच अँटिबायोटिक आणणं सगळ्यात वाईट. व्हायरलला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि स्ट्रेप असला तर अमोक्सिसिलिनचा कोर्स 10 दिवसांचा, आपण तिसऱ्या दिवशी ताप गेला की बंद करतो. मी पण उरलेली बाटली "पुढच्या खेपेला" म्हणून फ्रीजमधे ठेवलेली, पाणी घातलेलं औषध तेवढे दिवस टिकतच नाही हे नंतर कळलं.

लाळ गळायली, थुंकी पण गिळवेना, तोंड उघडेना, श्वासाला आवाज यायलाय, तर सकाळची वाट नको, रात्रीच सिव्हिल गाठा. खानापूरकडच्या आतल्या गावात असाल तर शेवटची बस जायच्या आधीच पोराकडं नीट बघून काय ते ठरवा.