१०,००० लक्सचा टेबल दिवा: काम करतो, पण अंतर सांभाळा

शरीराचं झोपेचं घड्याळ जुळवायला समोर लावून बसायचा हा दिवा. प्रकाश एकसारखा पडतो, लुकलुकत नाही. मात्र खोक्यावरचे १०,००० लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) मिळतात ते जेमतेम वीतभर अंतरावर. हातभर लांब ठेवलात की निम्मेही उरत नाहीत. उठल्यावर तासाभरात, किंचित तिरका ठेवून ३० मिनिटं बसा, टक लावू नका. उशिरा झोपणाऱ्यांनी भल्या पहाटे लावलाच तर झोप आणखी पुढे सरकते, कारण नेहमी जाग येण्याच्या साधारण २ तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि त्याआधीचा प्रकाश उलटं काम करतो. कुपवाड एमआयडीसीतल्या रात्रपाळीवाल्यांना झोप पुढे सरकवायचीच असते, त्यांनी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात वापरावा. सांगलीत ऊन असेल तर खरं सांगायचं, कृष्णेच्या घाटावर सकाळी अर्धा तास फिरणं फुकटात तेच देतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्या.