जिन्यावर ठरतं: ड्रमचे हलके जुने स्टँड की जड नवे?

गिग (कार्यक्रम) संपली की गिटारवाला पाठीला गिटार अडकवून मोकळा होतो आणि आपण अर्ध्या अंधारात विंगनट, म्हणजे हातानं फिरवायचे पंखवाले नट, सोडवत बसलेलो असतो. ड्रम दिसतात मोठे, पण आत पोकळच. कंबर मोडते ती हार्डवेअरच्या, म्हणजे स्टँड-पेडलच्या, बॅगेनं. त्यामुळे कधी ना कधी प्रत्येक ड्रमरच्या मनात येतं, हे सगळं लोखंड विकून जुन्या पद्धतीचे हलके स्टँड घेऊन टाकावेत. माझ्याही आलं, आणि मी अर्धंच विकलं. का, ते पुढे येईलच.

आधी दोन घराण्यांची ओळख. 1960 च्या दशकातले लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स किंवा इंग्लंडच्या प्रीमियरचे स्टँड पाहिलेत, तर बारीक नळ्या आणि जमिनीलगत सपाट पसरणारे एकेरी पट्टीचे पाय दिसतील. यालाच फ्लॅट बेस म्हणतात. पुढे रॉकचा आवाज वाढला, सिंबल (ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्या) मोठे आणि संख्येनं जास्त झाले, मार जोरकस झाला. 1970 च्या दशकात रॉजर्सनं मेमरीलॉक नावाचं जड हार्डवेअर आणलं, मग टामा, पर्ल, यामाहा या जपानी कंपन्यांनी जाड नळ्यांचे, दुहेरी पट्टीच्या तिरक्या पायांचे स्टँड घरोघरी पोचवले. आज कुठल्याही स्टेजवर उभे असतात ते बहुधा हेच.

वजनात फरक किती? साधा सरळ फ्लॅट बेस सिंबल स्टँड दीड ते दोन किलोंचा असतो, दुहेरी पट्टीचा बूम (वर आडवा दांडा असलेला स्टँड) चार किलोंच्या आसपास, कधी त्याहून जास्त. दोन सिंबल स्टँड, एक स्नेअरचा (मांड्यांमधला मुख्य ड्रम) आणि एक हाय-हॅटचा (पायानं उघडझाप होणारी सिंबलची जोडी) धरला तर एका बाजूला 7-8 किलो आणि दुसऱ्या बाजूला 14-16. गाडीतून स्टेजपर्यंत चाकांची बॅग ढकलत नेता येत असेल, तर हा फरक जाणवणारही नाही. दोन मजले जिना चढायचा असेल, तर जन्मभर लक्षात राहील.

आता मुख्य शंका: हलका स्टँड पडणार नाही ना? इथे बहुतेक जण वजनाकडे बघतात आणि पायांकडे बघायचं विसरतात. स्टँडचे तीन पाय जमिनीवर एक त्रिकोण करतात. समजा मधल्या नळीपासून प्रत्येक पाय 30 सेंमी लांब टेकलाय. मग पायाच्या दिशेनं स्टँडला 30 सेंमीचा आधार आहे, पण दोन पायांच्या मधल्या फटीच्या दिशेनं त्रिकोणाची कड फक्त 15 सेंमीवर संपते. निम्मी!

त्यावर 2 किलोंचा राइड (सतत ताल धरायचा मोठा सिंबल) बूमनं बाहेर काढून लावा. बूमचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर 4 किलोंचा जड स्टँड फटीच्या बाजूला 45 सेंमीपर्यंत तग धरतो. दीड किलोचा हलका स्टँड तसाच ठेवला तर 26 सेंमीलाच कलंडतो. पण तोच हलका स्टँड फिरवून बूम बरोबर एका पायाच्या वर आणा, तो 52 सेंमीपर्यंत उभा राहतो. म्हणजे नीट ठेवलेला हलका स्टँड चुकीच्या बाजूला वळवून ठेवलेल्या जड स्टँडपेक्षा भक्कम. अर्थात हा हिशेब शांत उभ्या सिंबलचा. क्रॅशवर (जोर द्यायला मारायचा सिंबल) कचकून मारायला लागलात की दोन्ही आकडे आवळतात, आणि हलक्याचे जास्त आवळतात, कारण धक्का पचवायला त्याच्या बुडाशी वस्तुमानच नसतं. म्हणून पातळ 16-18 इंची क्रॅश सरळ स्टँडवर असेल तर फ्लॅट बेस बिनधास्त घ्या. 22 इंची जाड राइड बास ड्रमच्या वर लांब बूमनं आणायचा असेल, किंवा त्याच स्टँडला क्लॅम्प लावून टॉम (छोटा ड्रम) टांगायचा असेल, तर जड स्टँडला पर्याय नाही. त्या एका स्टँडचं वजन मी आजही निमूट उचलतो.

जागेचं गणित मात्र उलटं आहे. स्टेजचा कोपरा लहान असेल तर फ्लॅट बेसचे पाय इतके खाली असतात की शेजारच्या स्टँडचा पाय, फ्लोअर टॉमचा पाय त्यांच्यावरून सहज जातो. तिरक्या पायांच्या दोन स्टँडची एकमेकांत पाय अडकवून जी कुस्ती चालते, ती इथे नाही. पण जमीन सपाट हवी. स्टेजच्या फळ्यांमध्ये उंचसखल जोड असेल, तर तीन पायांचा स्टँड डगमगत नाही, पण कलतो. फ्लॅट बेस हट्टी, एकदा कलला की कललाच. मग सेटलिस्टच्या (गाण्यांच्या यादीच्या) कागदाची घडी खालच्या पायाखाली सारायची.

स्नेअरच्या स्टँडबाबत माझं मत जरा कडक आहे. रिमशॉटवर (कातडं आणि कड एकदम मारण्यावर) जगणाऱ्यानं जुना हलका स्टँड घेऊ नये. सिंबल मार लागला की झुलून थोडा जोर सोडून देतो, स्नेअर सगळा मार सरळ खाली नळीवर टाकतो. जुन्या बनावटीत विंगबोल्टचं टोक थेट नळीवर रुततं. वर्षानुवर्षं आवळून नळीला खळगे पडतात, आणि मग बोल्ट आपल्याला हव्या त्या उंचीवर न बसता जवळच्या खळग्यात जाऊन बसतो. नव्या स्टँडमध्ये आत नायलॉनचं बुश (कडं) असतं, ते नळीला सगळीकडून धरतं आणि धातूवर धातू घासून होणारी खडखडही थांबवतं. त्यावर मेमरी लॉकची कडी, म्हणजे उंची रोज मोजायला नको. ब्रशवर किंवा हलक्या हातानं वाजवणाऱ्याला हे सगळं गैरलागू आहे. त्यानं खुशाल हलका घ्यावा.

हाय-हॅटचा निर्णय पायाचा आहे, पाठीचा नाही. बऱ्याच जुन्या स्टँडमध्ये स्प्रिंगचा ताण बदलायची सोयच नसते; वरचा सिंबल जड असेल तर तो आळसावल्यासारखा उठतो. पातळ जोडीवर मात्र तीच मऊ चाल इतकी गोड लागते की नव्या स्टँडवर परत जावंसं वाटत नाही. डबल पेडल (बास ड्रमला दोन पायांची दोन पेडलं) वापरत असाल तर दोन पायांचा किंवा पाय फिरणारा नवा स्टँडच घ्या, नाहीतर डावं पेडल ठेवायला जागा उरत नाही.

बास ड्रमच्या पेडलमध्ये वजनाचा मुद्दा काढूच नये. लुडविगचं स्पीड किंग 1937 पासूनचं, स्प्रिंगा खांबांच्या आत दडवलेल्या, आणि त्याची कुरकुर जगजाहीर. तरी ज्यांच्या पायाला ते बसलं त्यांनी ते सोडलं नाही. आणि थ्रोन, म्हणजे ड्रमरचं स्टूल? जड, रुंद, दुहेरी पट्टीचा. पूर्ण विराम. तिथे आपण स्वतः बसणार असतो.

हलक्या स्टँडवर सिंबल जास्त खुलून वाजतो, असंही ऐकायला मिळतं. मला तरी फरक ऐकू आलेला नाही. फेल्टवरचा विंगनट अर्धा फेरा सैल केला की मात्र लगेच ऐकू येतो.

आता खरी निवड जुनं की नवं अशी राहिलेलीच नाही, कारण फ्लॅट बेस पुन्हा नव्यानं बनायला लागलेत. टामाचे क्लासिक, पर्लचे, डीडब्ल्यूच्या 6000 मालिकेतले स्टँड जुन्या रूपाचे पण आत नव्या सोयींचे आहेत. यामाहाच्या क्रॉसटाउनमध्ये तर अल्युमिनियम वापरलंय, चार स्टँड मिळून सुमारे 8 किलो. महिन्यातून चार-पाच गिग करणाऱ्याला मी हेच सुचवीन: दोन सिंबल आणि हाय-हॅट नव्या फ्लॅट बेसवर, स्नेअर मध्यम वजनाच्या नव्या स्टँडवर, राइड लांब असेल तर तेवढा एक जड बूम. अस्सल जुनं सामान त्यानं घ्यावं ज्याला पाना हातात धरायची हौस आहे.

तशी हौस असेल तर घेण्याआधी प्रत्येक विंगबोल्ट पूर्ण काढून आटे बघा. सिंबलचा कल बदलणाऱ्या सांध्यातले दात बोटानं चाचपा. झिजलेले असतील तर सिंबल दर गाण्यात एकेक दात खाली उतरत जातो. पायाचं रबर वाळून भेगाळलंय का, तेही पाहा. विंगनट मूळचेच मागून घ्या, कारण कंपनीगणिक आटे वेगळे आणि दुसऱ्या स्टँडचा नट बसेलच असं नाही. माझ्या जुन्या स्टँडचे आटे ऐन साउंडचेकला गेले होते आणि क्रॅश प्रत्येक माराला दोन बोटं खाली सरकत होता. साउंडवाल्यानं त्याच्या पेटीतून पाण्याच्या पाइपला लावतात ती होज क्लिप काढली, सांध्याच्या अगदी वर बारीक नळीवर आवळली, आणि ती सांध्यावर टेकल्यानं नळी खाली सरकेना. ती क्लिप अजून तिथेच आहे. आता प्रत्येक जुन्या स्टँडला मी एकेक लावून ठेवलीय, आणि बॅगेत दोन जास्तीच्या.