पहिला क्रोशाचा जाळीदार टॉप: दोन चौकटी की गळ्यापासून गोल?

पहिल्यांदा विणताना पुढचा आणि मागचा असे दोन आयताकृती पल्ले विणून शिवणेच बरे. 3.5 मिमी सुई, सुती दोरा; एक खांब (सुईवर दोरा घेऊन घातलेला उंच टाका), एक साखळी (साधा फासा) अशी जाळी. पल्ल्याची रुंदी छातीच्या घेराच्या निम्मी, अधिक 3 सेंमी. कडा आत ओढली जाते ती बहुधा ओळीतला शेवटचा खांब वळणाच्या साखळीत (आधीच्या ओळीच्या सुरुवातीला उंचीसाठी घातलेल्या साखळ्यांत) घालायचा राहिल्याने. दर ओळीला खांब मोजा. आधी छोटा नमुना-तुकडा विणून, धुऊन, वाळवून मापा. सुती जाळी स्वतःच्या वजनानेच लांबीत ओघळते.

गळ्यापासून गोल विणला तर शिवण नाही, अंगाला लावून बघता येतो. पण बाह्या आणि अंग मिळतात त्या चार कोपऱ्यांत प्रत्येकी दोन, म्हणजे फेरीला आठ खांब वाढवताना जाळीची नक्षी सहज बिघडते. शिवणीचा कंटाळा असेल, तरच हा.