साप की पाइन? अमेरिकन क्रांतीच्या दोन निशाणांवरील ब्रीदवाक्ये

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होत असल्याने शाळेच्या किंवा वाचनालयाच्या प्रदर्शनात त्या क्रांतीचे एखादे निशाण लावावे असे अनेकांच्या मनात येईल. जागा एकाच निशाणापुरती असेल, तर निवड बहुधा दोघांत येऊन ठेपते. एक आहे पिवळ्या कापडावर वेटोळे घालून बसलेला साप आणि त्याखाली ‘माझ्यावर पाय देऊ नको’ हे शब्द असलेले गॅड्सडेन निशाण. दुसरे, पांढऱ्या कापडावर हिरवा पाइन वृक्ष आणि ‘स्वर्गाकडे दाद’ हे शब्द असलेले.

सापाचे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, कारण सापाच्या शेपटीवर पाय देण्याचा परिणाम आपल्या भाषेनेच आपल्याला शिकवला आहे. मात्र हा साप आपल्या गोष्टींतला डूख धरणारा नाग नव्हे. तो रॅटलस्नेक आहे, म्हणजे दंश करण्याआधी शेपटीचा खुळखुळा वाजवून सावध करणारा. बेंजामिन फ्रँकलिनने ९ मे १७५४ रोजी आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्रात आठ तुकडे झालेल्या सापाचे चित्र छापून इंग्लंडच्या अमेरिकेतील वसाहतींना ‘एक व्हा, नाहीतर मरा’ असे बजावले होते. पुढे डिसेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात टोपणनावाने एक लेख आला, जो फ्रँकलिनचाच मानला जातो. नव्याने भरती होणाऱ्या मरीन सैनिकांच्या एका पडघमावर रॅटलस्नेक आणि ‘माझ्यावर पाय देऊ नको’ हे शब्द रंगवलेले लेखकाने पाहिले होते. त्याने लिहिले की या प्राण्याला पापण्या नसतात, म्हणून तो सदैव जागा असतो. तो आपण होऊन हल्ला करत नाही आणि एकदा भिडल्यावर शरण जात नाही. चित्रातल्या खुळखुळ्याचे वेढेही त्याने मोजले. ते तेरा होते, म्हणजे वसाहतींइतकेच. साउथ कॅरोलायनाचे कर्नल ख्रिस्तोफर गॅड्सडेन यांनी हेच चिन्ह वसाहतींच्या आरमाराच्या सेनापतीच्या निशाणावर आणले आणि ९ फेब्रुवारी १७७६ रोजी त्याची एक प्रत आपल्या प्रांतिक काँग्रेसला, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेला, सादर केली.

पाइनच्या निशाणावरचे वाक्य मात्र मराठीत हमखास चुकीचे वाचले जाते. ‘स्वर्गाकडे दाद’ म्हटले की आपल्यासमोर हतबल होऊन देवाला साकडे घालणारा माणूस येतो. मूळ अर्थ जवळजवळ उलट आहे. हे शब्द इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधातून आले आहेत. त्याचे म्हणणे असे, की राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील तंट्याचा निवाडा करणारा कोणीही पृथ्वीवर उरत नाही, तेव्हा प्रजेला स्वर्गाकडे दाद मागण्याचा हक्क असतो. आणि ही दाद मागायची ती शस्त्र हाती घेऊन. न्यायाची सगळी दारे ठोठावून झाली, आता रणातच निकाल, हा त्या वाक्याचा भाव आहे. वसाहतींचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याचे सचिव जोसेफ रीड यांनी २० ऑक्टोबर १७७५ च्या पत्रात हे निशाण सुचवले, तेव्हा ते वॉशिंग्टनने उभ्या केलेल्या लहानशा लढाऊ गलबतांसाठी होते.

झाडाची निवडही सहज झालेली नाही. इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी उंच, सरळ पाइन हवे असत. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने खासगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरील २४ इंच किंवा त्याहून अधिक व्यासाची झाडे राजासाठी राखून ठेवली आणि राखीव खोडांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण केली जाई. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील विअर गावच्या लोकांनी अशाच एका कायद्याखाली अटक करायला आलेल्या शेरीफला छड्यांनी झोडपून काढले. राजाने आपले म्हणून खूण केलेले झाड वसाहतींनी निशाणावर घेतले, यातच एक बंड होते.

दोन्ही निशाणांना पुढचा इतिहासही चिकटला आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात दोन्ही दिसली होती, त्यामुळे एकाला निष्कलंक ठरवून निवडता येणार नाही. गॅड्सडेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला सतत बोचते. ‘माझ्यावर पाय देऊ नको’ हे वाक्य मिरवणारा हा माणूस स्वतः गुलामांचा मालक होता, आणि चार्ल्सटनमधील त्याच्या धक्क्यावर पुढे आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम उतरवले गेले.

लहान मुलांसाठी प्रदर्शन असेल आणि पाहणारा दहा सेकंदांत पुढे सरकणार असेल, तर साप घ्यावा. वसाहतींच्या लोकांचा संताप आणि त्यांचा संयम, दोन्ही त्या एका चित्रात दिसतात. फक्त भाषांतरात ‘देऊ नका’ लिहू नये, त्याने विनवणीचा सूर लागतो. महाविद्यालयात किंवा अभ्यासमंडळात, जिथे माणसे थांबून वाचतात, तिथे मी निःसंशय पाइन निवडेन, कारण बंड करण्याचा अधिकार प्रजेला येतो कोठून, या प्रश्नाला सापापाशी उत्तर नाही. तेव्हा पाटीवर ‘पृथ्वीवर न्याय उरला नाही, आता स्वर्गाकडे दाद’ असे पूर्ण लिहावे आणि शेजारी बाणाची खूण असलेल्या खोडाचे एक चित्र लावावे.